सहा जणांच्या होडीत सातवे तुम्ही

आधी पायातले बूट काढून हातात घ्या. होडीच्या तळाशी घोट्याएवढं पाणी आहे आणि थोड्याच वेळात ते आणखी चढेल.

विसावं शतक नुकतंच लागलंय. तुम्ही दक्षिण पॅसिफिकमध्ये आहात, कूक बेटांपैकी एका बेटाच्या बाहेर. मागे खोल पाण्यात एक शिडाचं गलबत थांबलंय. न्यूझीलंड सरकारचं आहे ते, नाव ‘काउंटेस ऑफ रॅनफर्ली’. याहून जवळ त्याला येता येत नाही, कारण बेटाभोवती पोवळ्याच्या खडकांचं कडं आहे आणि त्यावर समुद्र पांढरा होऊन फुटतोय. बेटावर बंदर नाही, धक्का नाही. कड्यात एके ठिकाणी जरा फट आहे. माल, टपाल, माणसं, सगळं याच फटीतून होडीने न्यायचं.

होडी फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे थांबलीय. वल्ही पाण्यात आहेत, पण कुणी ओढत नाही. मागे, सुकाणूच्या वल्ह्यापाशी उभा असलेला रुंद छातीचा माणूस खांद्यावरून मागे बघत लाटा मोजतोय. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि त्या सरल्या की समुद्र थोडा वेळ दम खातो. तो दम ओळखायचा. लवकर निघालात तर लाट मागून उचलून होडी आडवी करते आणि खडकावर आपटते. उशीर केलात तर पुढचा घोळका गाठतो. लाटेच्या पुढे धावायचं नाही, तिच्या पाठीवर बसून आत जायचं. तो ओरडतो, वल्ही एकदम वाकतात, दोन्ही बाजूंनी पाणी उसळतं. तुम्ही डोळे मिटता. उघडता तेव्हा होडी आतल्या हिरव्या, शांत पाण्यात असते आणि तो माणूस हसत असतो.

त्याचं नाव फ्रँक वर्स्ली. चेहरा लक्षात ठेवा, दाढी वाढली की ओळखू येणार नाही.

प्रवासाचे नियम सांगायचे राहिले. तुम्ही कुणाला दिसणार नाही. तुमचं वजन होडीला लागणार नाही. थंडी मात्र तुम्हाला लागेल आणि तहानही. मध्येच उतरायची सोय नाही. वर्ष कधी बदलायचं ते मी ठरवणार.

मागचं थोडक्यात सांगतो. वर्स्लीचा जन्म १८७२चा, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या आकारोआ या गावचा. डोंगरांच्या आत घुसलेल्या लांब खाडीवर गाव वसलंय, म्हणजे पोरांना चालण्याच्या जोडीनेच होडी यायची. सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, १८८८मध्ये, तो न्यूझीलंड शिपिंग कंपनीच्या ‘वैरोआ’ या शिडाच्या जहाजावर उमेदवार म्हणून चढला. लोकर भरायची, केप हॉर्नला वळसा घालून लंडन गाठायचं, परत यायचं. त्या जहाजांवरच्या पोरांच्या हालांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, आपण तिथे थांबायला नको. पुढे तो अधिकारी झाला, सरकारी बोटींवर गेला आणि या बेटांच्या फेऱ्या त्याच्या वाट्याला आल्या.

मोठ्या जहाजांच्या जगात ही काही मानाची नोकरी नव्हे. पण तिच्यात काय शिकायला मिळतं ते बघा. अफाट पाण्यात काही किलोमीटर रुंदीचं एक बेट. पाण्याला जेमतेम लागून, त्यामुळे अगदी जवळ गेल्याशिवाय माडांचे शेंडेही दिसत नाहीत. हिशोब थोडा चुकला की रात्री तुम्ही त्याच्या शेजारून निघून जाता आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ही बेटं अचूक गाठणारा माणूस म्हणून वर्स्लीचं नाव झालं. बर्फाशी या सगळ्याचा काडीचा संबंध नाही. तरीसुद्धा ध्रुवीय मोहिमेसाठी तो तयार झाला तो इथेच, या कोमट पाण्यात, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायलाच तर तुम्हाला घेऊन निघालोय.

१९१४. लंडन. बूट घाला.

वर्स्ली आता बेचाळीस वर्षांचा आहे. मधल्या काळात त्याने अ‍ॅलन लाइनच्या टपालबोटींवर काम केलं, नौदलाच्या राखीव दलात कमिशन घेतलं, लग्न केलं. सध्या हाताला काम नाही. एका रात्री त्याला स्वप्न पडतं की बर्लिंग्टन स्ट्रीटवर बर्फाचे मोठमोठे ठोकळे वाहत आलेत आणि त्यांच्यामधून तो जहाज काढतोय. सकाळी तो त्या भागात जातो तर एका दारावर पाटी: इम्पीरियल ट्रान्स-अंटार्क्टिक मोहीम. आत अंटार्क्टिका पायी ओलांडायला निघालेला या मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन बसलेला. काही मिनिटांत बोलणं आटोपतं आणि वर्स्ली ‘एन्ड्युरन्स’ जहाजाचा कप्तान होऊन बाहेर पडतो. ही हकिगत त्याने पुढे स्वतःच लिहिली. मला ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते. खलाशाने सांगितलेल्या गोष्टीत वारा नेहमी अनुकूल असतो. ते काही असो, पाटी खरी होती आणि नोकरीही.

इथून फार लांब जायचं नाही. टेम्स नदीच्या काठी पॉपलर भागात होड्या बांधणाऱ्याचं एक आवार आहे, तिथे चला. महिना जुलैचा. ओल्या लाकडाचा वास येतोय. दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम साडेबावीस फूट लांबीची एक होडी तयार होतेय. आकार व्हेल पकडणाऱ्यांच्या होडीचा. कणा एल्म लाकडाचा, फळ्या बाल्टिक पाइनच्या. ही होडी वर्स्लीने सांगितलेल्या मापांप्रमाणे बांधली जातेय. इतर जहाजी होड्यांपेक्षा हलकी, लवचीक, लाटेवर बुचासारखी राहणारी अशी त्याला हवीय. काठावरून हात फिरवून घ्या. मोहिमेला पैसे देणाऱ्या एका श्रीमंताच्या नावावरून तिला पुढे ‘जेम्स केअर्ड’ म्हणतील.

आता बर्फ. यातून मी तुम्हाला भराभर नेणार आहे. पुस्तकं नेमकी इथेच रेंगाळतात, पण आपलं काम होडीशी आहे. ५ डिसेंबर १९१४ला दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या ग्रिटविकनहून ‘एन्ड्युरन्स’ निघतं. जानेवारीत वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकतं आणि मग कधीच सुटत नाही. हलत नसलेल्या जहाजावर कप्तानाने करायचं तरी काय? खरं सांगायचं तर वर्स्ली जहाजाचा कप्तान म्हणून फार शोभला नव्हता. अटलांटिक ओलांडतानाच जहाजावरची शिस्त ढिली पडली होती आणि शॅकल्टनला ते रुचलं नव्हतं. हुकूम सोडणारा माणूसच नव्हता तो. शॅकल्टन होता. वर्स्लीकडे एकच काम उरतं आणि ते तो सोडत नाही: ढग फाटले की सेक्स्टंट काढायचा, सूर्य नाहीतर तारा पकडायचा आणि आपण आज कुठे आहोत ते लिहून ठेवायचं. पोचायचं कुठेच नाही, बर्फ नेईल तिकडे जायचं आहे. तरी लिहायचं.

२७ ऑक्टोबर १९१५ला बर्फाच्या दाबाने मोडलेलं जहाज सोडावं लागतं. २१ नोव्हेंबरला ते बुडतं. बर्फावर उभं राहून बघा, पाणी मिटतं आणि वर बर्फ सरकून येतो. वर्स्लीने या जागेची नोंद ठेवली. क्षणभर २०२२मध्ये या माझ्याबरोबर, ५ मार्चला. पाण्याखाली जाणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ‘एन्ड्युरन्स’ उभं दिसतंय, ३,००८ मीटर खोल, मागच्या बाजूला नाव अजून वाचता येतंय. शोध घेणाऱ्यांनी सुरुवात वर्स्लीच्या नोंदीपासून केली होती. जहाज त्या जागेच्या दक्षिणेला साधारण चार सागरी मैलांवर सापडलं. बर्फाच्या सरकत्या तुकड्यावर, सूर्य धड दिसत नसताना, हाताने केलेला हिशोब होता तो. चला परत. गरम कपड्यांची सवय करून घेऊ नका.

आता १९१६चा एप्रिल. अठ्ठावीस माणसं पाच महिने बर्फावर तंबूत राहिली, मग तीन होड्यांतून आठवडाभर हाल काढत एलिफंट बेटावर पोचली. सोळा महिन्यांनी त्यांच्या पायाखाली जमीन आली. जमीन म्हणजे एक दगडी पट्टा, मागे हिमनदी, पुढे समुद्र. इकडे कुणी जहाज फिरकत नाही. कुणी शोधायला येईल तर तेही इथे नाही. मग कुणीतरी जाऊन मदत आणली पाहिजे. केप हॉर्न आणि फॉकलंड बेटं जवळ आहेत, पण वारा पश्चिमेचा, तोंडावर येणारा. वाऱ्याच्या मर्जीने जायचं तर एकच ठिकाण: जिथून निघाले होते ते दक्षिण जॉर्जिया. सुमारे तेराशे किलोमीटर. तिथे व्हेल पकडणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची ठाणी आहेत.

सुतार हॅरी मॅकनिश ‘जेम्स केअर्ड’वर काम करतोय, बघून घ्या. होडी उघडी आहे, वर काही छप्पर नाही. त्याने तिचे काठ आधीच उंच केलेत. आता स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं वापरून वर सांगाडा करतो आणि त्यावर कॅनव्हास ठोकतो. कॅनव्हास इतका गोठलाय की सीलच्या चरबीच्या शेगडीवर शेकून मऊ केल्याशिवाय त्यातून सुई जात नाही. फळ्यांच्या सांध्यांत दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त भरलंय. चित्रकार मार्स्टनने रंग दिले. आता त्याला चित्रं काढायची नाहीत. होडीचा कणा मोठ्या लाटेवर मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आत, लांबीने बांधलीय. पाणी उपसायचा पंप छायाचित्रकार फ्रँक हर्लीने जहाजाच्या होकायंत्राच्या नळीतून बनवलाय. दुकान नसलेल्या जागी माणसं काय काय करतात!

तळाला वजन हवं, म्हणून चादरींच्या पिशव्या शिवून त्यांत समुद्रकाठचे दगडगोटे भरताहेत. सुमारे एक टन. वर्स्लीला हे फार वाटतं. एवढ्या ओझ्याने होडी जड होईल, लाटेवर चढायच्याऐवजी लाटेत शिरेल, सगळे कायम भिजत राहतील, असं त्याचं म्हणणं. शॅकल्टनला भीती होडी उलटायची. शॅकल्टनचं चालतं. पुढे दोघांचंही बरोबर ठरणार आहे: होडी उलटणार नाही आणि अंगावरचा एक धागा कोरडा राहणार नाही.

२४ एप्रिल. चला, बसा. सहा जण आहेत: शॅकल्टन, वर्स्ली, टॉम क्रीन, मॅकनिश, मॅकार्थी, व्हिन्सेंट. सातवे तुम्ही. किनाऱ्यावर बावीस जण फ्रँक वाइल्डच्या हवाली. होडी पाण्यात लोटतानाच पाण्याचं एक पिंप खडकावर आपटून त्यात खारं पाणी शिरलंय. हे आज कुणाच्या ध्यानात नाही. तुम्हाला तहान लागेल तेव्हा येईल.

पहिला धडा म्हणजे जागा. होडीच्या पुढच्या भागात, कॅनव्हासखाली, झोपायची जागा आहे. तिथे जायला दगडांवरून, आडव्या फळ्यांच्या खालून पोटावर सरपटावं लागतं. वर पाठ घासते, खाली गुडघे फुटतात. झोपायच्या पिशव्या रेनडिअरच्या कातड्याच्या, ओल्याचिंब, केस गळणाऱ्या. ते केस तोंडात, नाकात, अन्नात, पंपात. तीन जण चार तास काम करणार, तीन जण चार तास या भोकात पडणार. झोप लागते. मध्येच दचकून जाग येते, अंगावर ओझं आणि अंधार, आणि आपल्याला गाडलंय की काय असं वाटतं. वर्स्लीलाही असंच वाटायचं.

कामाच्या पाळीत एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोऱ्यांवर, एक पंपावर. पंप पितळेचा आणि तो उघड्या हातांनी धरून बसावं लागतं. काही मिनिटांनी हातात जीव राहत नाही, मग दुसरा धरतो. लाटांकडे सुरुवातीला बघू नका. खोलगटात गेल्यावर वारा पडतो आणि शीड लोंबतं, इतक्या त्या उंच आहेत. मग होडी चढू लागते, माथ्यावर येते, वारा कानफटात मारतो, क्षणभर मैलोन्‌मैल राखाडी डोंगररांगा दिसतात, आणि पुन्हा खाली. पृथ्वीच्या या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. लाट गोल फिरत राहते आणि वाढत राहते.

जेवणाची वेळ झाली. क्रीन प्रायमस पेटवतो. हो, तोच स्टोव्ह, आपल्याकडे घरोघरी ज्याला पिन मारून पंप मारायचे तो. इथे तो ओट्यावर ठेवायची सोय नाही. दोन माणसं समोरासमोर बसतात, पाठी होडीच्या काठांना टेकवतात आणि पायांच्या मध्ये स्टोव्ह घट्ट धरतात. भांडं एकाच्या हातात असतं आणि होडी कलली की तो ते उचलतो. त्यात सुकं मांस, चरबी, ओट, साखर, मीठ यांची वडी विरघळवायची. हा शिधा अंटार्क्टिका पायी ओलांडण्यासाठी बनवला होता. उकळतं घशाखाली घालायचं. पहिल्यांदा संपवणारा लगेच बाहेर जाऊन पाळीवरच्याला आत पाठवतो, त्याचं गरम असतानाच मिळावं म्हणून. शॅकल्टन वेळा चुकू देत नाही. रात्री पाळी बदलताना गरम दूध. मोहिमेचा नेता म्हणून त्याच्याबद्दल बरंच बोललं जातं. मला विचाराल तर त्याचं नेतृत्व या दुधात होतं.

सुकाणूवर क्रीन असला की तो गातो. कसलं गाणं, कुणालाच कळत नाही. सूर एकच, न बदलणारा. कंटाळवाणं आहे, पण त्यामुळे होडी जिवंत वाटते.

आणि आता ज्यासाठी तुम्हाला आणलं ते. ढग जरा विरळ झालेत. वर्स्ली सेक्स्टंट काढतो.

सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजायचं. उंचीत एका कलेची चूक म्हणजे जागेत एका सागरी मैलाची. त्याच क्षणी घड्याळाची नेमकी वेळही हवी. वेळेत एका मिनिटाची चूक म्हणजे या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण पंधरा किलोमीटर. निघताना जहाजावर चोवीस अचूक घड्याळं होती. आता एक उरलंय आणि ते वर्स्लीने अंगावर, कपड्यांच्या आत जपलंय. पण क्षितिज कुठे आहे? खोलगटातून दिसते ती पुढची लाट. वर्स्ली आडव्या फळीवर गुडघे टेकतो. दोघं त्याला दोन्हीकडून धरतात, नाहीतर तो समुद्रात जायचा. होडी माथ्यावर येईपर्यंत थांबतो. सूर्य म्हणजे ढगामागचा एक फिकट डाग, त्याला कडाच नाहीत, मग डागाचा मध्य कुठे असेल ते डोळ्यांनी ठरवतो. माथा आला. तो ओरडतो. आतून शॅकल्टन घड्याळ बघून वेळ लिहितो.

मग गणित. पंचांग आणि लॉगॅरिथमची पुस्तकं भिजून लगदा होत चाललीत. पान उलटायचं तर दोन बोटांनी सोलावं लागतं. पेन्सिलीने लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येत नाही. एवढ्या खटपटीनंतर एक टिंब मिळतं. सोळा दिवसांत सूर्य असा चारदाच हाती लागतो. उरलेले दिवस अंदाजावर: वेग किती, दिशा कोणती, लाटेने किती ढकललं. रात्री होकायंत्र दिसत नाही. मेणबत्तीचा एक तुकडा आहे, तो जमीन जवळ आल्यावर लागेल म्हणून राखून ठेवलाय. मग मानेवर, गालावर वारा कुठून लागतो ते ओळखून सुकाणू धरायचं. हे सांगून शिकवता येत नाही. पॅसिफिकमध्ये रात्र-रात्र शिडाच्या गलबतावर काढलेल्या माणसाच्या गालाला ते ठाऊक असतं.

आठवडा उलटतो आणि थंडी कडक होते. अंगावर उडालेलं पाणी कॅनव्हासवर पडता पडता गोठतं. बर्फाचा थर वीतभराहून जाड होतो आणि होडी लाटेवर चढेनाशी होते. हे तुम्हाला पायांना कळेल. कुणीतरी त्या काचेसारख्या छपरावर पालथं पडून कुऱ्हाडीने बर्फ तोडला पाहिजे, आणि तोही असा की खालचा कॅनव्हास फाटता कामा नये. पाळीपाळीने जातात. काही मिनिटांहून जास्त कुणाला जमत नाही. वल्ही आणि झोपायच्या सडलेल्या दोन पिशव्या समुद्रात टाकल्या जातात, थोडी वल्ही राखून. वर्स्ली एकदा सुकाणूवर इतका वेळ बसतो की उठताना अंग सरळच होत नाही. बसल्या आकारात त्याला आत ओढतात आणि चोळून चोळून उलगडतात.

५ मेच्या मध्यरात्री सुकाणूवर शॅकल्टन आहे. मागे आभाळात पांढरी रेघ दिसते. त्याला वाटतं, ढग फाटले. मग कळतं की तो आभाळाचा काठ नाही, लाटेचा माथा आहे. धरा काहीतरी! होडी उचलली जाते, पुढे फेकली जाते, सगळीकडे फेस, आणि नंतर ती पाण्यात अर्धी बुडालेली, निपचित. हाताला येईल त्या भांड्याने उपसा. उपसता उपसता ती पुन्हा हलकी होते. तळच्या दगडांवर चिडला होतात ना? आज त्यांच्यामुळेच होडी उभी आहे.

आता तहान. दुसऱ्या पिंपाचं पाणी खारट निघालंय, त्यात रेनडिअरचे केस. जीभ सुजून तोंडात मावत नाही. व्हिन्सेंट खचलाय, मॅकनिश संपत आलाय. मॅकार्थी मात्र मानेतून आत शिरलेलं पाणी झटकत हवा छान आहे असं सांगतो. वर्स्ली शॅकल्टनला बजावतो: माझ्या हिशोबात दहा मैलांची चूक असू शकते. म्हणून बेटाला वळसा घालून थेट वस्तीच्या बाजूला जायचं नाही. चुकलं तर वारा अटलांटिकमध्ये नेऊन टाकेल आणि परत फिरता येणार नाही. ओसाड असली तरी पश्चिमेची बाजूच धरायची. बेट दीडशेहून अधिक किलोमीटर लांब आहे, पण चारच सूर्यदर्शनांवर ते शोधायचंय.

८ मे. पाण्यावर समुद्री शेवाळाचा पुंजका. मग जमिनीपासून फार दूर न जाणारे पक्षी. दुपारी धुकं फाटतं आणि मॅकार्थी ओरडतो. काळा कडा, त्यावर बर्फ. वर्स्लीचं गणित जमलं. त्याला शाबासकी द्यायला वेळ नाही, कारण किनाऱ्यावर लाटा फुटताहेत, अंधार पडतोय आणि रात्री वादळ सुरू होतं.

९ तारखेचा दिवस मी तुम्हाला पुन्हा जगायला लावणार नाही. वारा होडीला खडकांवर लोटतोय, शिडाच्या जोरावर ती जेमतेम दूर राहतेय, प्रत्येक धक्क्याने फळ्या उघडून पाणी आत येतंय. याच वादळात ब्यूनोस आयर्सहून दक्षिण जॉर्जियाकडे निघालेली पाचशे टनांची आगबोट माणसांसकट बुडाली. वादळ ओसरल्यावर डोलकाठी धरून ठेवणारी खीळ गळून पडते. वादळात गळली असती तर इथेच थांबलो असतो.

१० मे, संध्याकाळ. समोर किंग हाकोन उपसागर. तोंडाशी खडकांची रांग, तिच्यावर पांढरा फेस, मध्ये एक चिंचोळी फट. वारा फिरलाय, शिडावर आत जाता येत नाही. वळून पुन्हा, वळून पुन्हा. अखेर शीड उतरवतात, वल्ही घेतात. ही फट दोन्हीकडे वल्ही जेमतेम मावतील एवढीच. वर्स्लीकडे बघा. दाढीत मीठ, डोळे लाल, पण मागच्या लाटा तो मोजतोय. पोवळ्याच्या कड्यासमोर मोजत होता तशाच.

होडी आत येते. उडी मारा. किनाऱ्यावर दगडांमधून गोड्या पाण्याचा ओहोळ वाहतोय. सहाही जण गुडघ्यांवर पडून पितात. तुम्हीही प्या.

गोष्ट संपली असं वाटेल, पण वस्ती बेटाच्या पलीकडच्या बाजूला आहे. होडीने जाणं आता अशक्य. सुकाणू तुटलंय, माणसं तुटलीत. काही दिवस अल्बट्रॉसची पिल्लं खाऊन अंगात ताकद आणतात आणि १९ मेच्या पहाटे शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन चालू लागतात. बेटाचा आतला भाग तोवर कुणी ओलांडलेला नाही. नकाशात फक्त किनारा आहे, मध्ये कोरा कागद. मॅकनिशने होडीतले स्क्रू काढून त्यांच्या बुटांच्या तळांना ठोकलेत, म्हणजे ‘जेम्स केअर्ड’ डोंगरही चढतेय. एके ठिकाणी अंधार गाठणार म्हणून तिघं दोराच्या वेटोळ्यावर एकामागे एक बसून उतारावरून सरळ घसरतात. खाली काय आहे ते माहीत नसताना! रात्रभर चालून, दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला, वर्स्लीच्या त्याच घड्याळावर नजर ठेवून ते ऐकत असतात आणि व्हेलच्या कारखान्याचा भोंगा वाजतो.

स्ट्रॉमनेसच्या त्या ठाण्यावर पोचल्यावर आंघोळ, दाढी, कपडे. एलिफंट बेटावरच्या बावीस जणांना आणायला आणखी तीन महिने आणि चार जहाजं लागतील. शेवटी चिलीचा लुईस पार्डो ‘येल्चो’ घेऊन ३० ऑगस्टला त्यांना काढेल. सगळे जिवंत. वर्स्ली पुढेही बर्फात जात राहील, १९२१मध्ये शॅकल्टनबरोबर ‘क्वेस्ट’वरून, १९२५मध्ये उत्तर ध्रुवाच्या बाजूला. पण ते तुमच्या तिकिटात नाही.

आज, २० मेच्या रात्रीच, वर्स्ली ‘सॅमसन’ नावाच्या बोटीवर चढतो. पलीकडच्या किनाऱ्यावर तिघं राहिलेत: मॅकनिश, मॅकार्थी, व्हिन्सेंट. रात्री बाहेर बर्फाचं वादळ सुटतं. बेट ओलांडून आलेले शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन अजून डोंगरावर असते तर वाचले नसते. सकाळी ‘सॅमसन’ किंग हाकोन उपसागरात शिरते आणि होडी किनाऱ्याला लागते. उलट्या घातलेल्या ‘जेम्स केअर्ड’खालून, जळलेल्या चरबीच्या काजळीत माखलेले तिघं बाहेर येतात. सुटका झाल्याचा आनंद आहेच, पण जरा रुसवाही आहे. आपल्यातलं कुणीतरी येईल असं वाटलं होतं, अनोळखी नॉर्वेजियनांनाच पाठवलं, असं त्यांच्यातला एक जण बोलून दाखवतो. समोर उभा असलेला गुळगुळीत दाढी केलेला, स्वच्छ कपड्यांतला माणूस म्हणतो, मी आलोय की. तिघं त्याच्याकडे बघतच राहतात. सोळा दिवस आणि सोळा रात्री त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले. मग एकेक करून ओळख पटते. वर्स्ली त्यांना बोटीकडे चला म्हणतो, आणि खलाशांना खूण करतो की ही होडीही उचला.